खालच्या टाकीतलं शेवाळ

ज्ञानेश दर रविवारी सकाळी शेवाळाचं वजन करायचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, स्टीलच्या ताटलीत, पाणी पूर्ण निथळू देऊन. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो क्वालिटीला होता. मोजल्याशिवाय याला चहासुद्धा गोड लागत नाही, असं त्याची बायको निशिगंधा म्हणायची. टाकी तिचीच. देवगडची पोर ती. लग्न होऊन पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर आली आणि आठवड्याभरात म्हणाली, "अहो, घरात थोडं तरी खारं पाणी हवं, नाहीतर मी गुदमरेन." म्हणून हॉलमध्ये समुद्री पाण्याची तीन फुटी टाकी, दोन नारंगी मासे, आणि खाली कपाटात दुसरी छोटी टाकी.

खालच्या टाकीचं काम साधं असतं. माशांच्या घाणीतून पाण्यात विष साठतं, नायट्रेट म्हणतात त्याला. वरचं पाणी खाली उतरतं. तिथं जांभळट दिव्याखाली शेवाळाचा गुंता वाढत असतो, हिरव्या तारेच्या घासणीसारखा. तो हे विष खातो आणि फुगतो. आठवड्याला निम्मा गुंता उपटून फेकायचा, की विष त्याच्याबरोबर घराबाहेर. निशिगंधा त्या खणाला माहेर म्हणायची. वर ज्यांना कुणी जगू देत नाही असे बारके जीव तिथं येऊन सुखानं राहतात म्हणे. रागावली किंवा गहिवरली की ती मालवणीत शिरायची, आणि ज्ञानेशला निम्मं कळायचं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती गेली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, घरात एकटीच होती. त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं, आणि ऑडिटला मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा नियम. तिनं तीन फोन केले. फोन लॉकरमध्ये होता, असं ज्ञानेशनं सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या-तिसऱ्या फोनचं ते खरंही होतं. पहिला आला तेव्हा मात्र मोबाइल त्याच्या हातात होता, ऑडिटर दारात उभा होता, आणि त्यानं अंगठ्यानं फोन कापला. कशाला खोटं बोला, त्या क्षणी त्याला तिचा वैतागच आला होता. हे त्यानं आईलाही सांगितलं नाही. वर्ष उलटलं तरी जेवताना त्याची नजर स्वतःच्या अंगठ्यावर जायची आणि घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

वर्षभरात दोन्ही मासे मेले. त्यानं नवे आणले नाहीत. टाकी मात्र चालू ठेवली.

महिन्यातून एकदा कासारवाडीचा मोईज देखभालीला यायचा. एप्रिलमध्ये त्यानं काचेच्या नळीत पाणी घेतलं, पावडर टाकून हलवलं आणि उजेडात धरलं. विष असेल तर पाणी गुलाबी होतं. ते स्वच्छच राहिलं. त्यानं पुन्हा करून पाहिलं, मग कपाट उघडून उकिडवं बसून शेवाळ न्याहाळलं.

"ज्ञानेशभाऊ, मासा नाही, खाणं नाही, नायट्रेट शून्य," तो म्हणाला. "हे पांढरं पडून विरघळायला पाहिजे होतं. हे खातंय काय राव?"

"किती झालंय, सांगू? मागच्या रविवारी एकशे ऐंशी ग्रॅम. आज चारशे दहा."

"दोन मासे सोडा, माझं ऐका. पाण्यात थोडी घाण लागते. एकदम शून्य बरं नाही."

"अरे बाबा, शून्यासाठीच तर पगार देतात आम्हाला," ज्ञानेश हसला. कंपनीत त्याच्या टेबलामागच्या पाटीवर तेच लिहिलं होतं, 'शून्य दोष'. हसल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. किती दिवसांनी हसलो?

जाताना मोईजनं मूठभर शेवाळ पिशवीत घेतलं. या धंद्यातला रिवाजच तसा. शेवाळ विकत नाहीत, मूठभर देतात. "अम्मीला घरी छोटी टाकी लावून दिलीय, तिच्यासाठी," तो म्हणाला.

उरलेलं ज्ञानेशनं ओल्या कचऱ्यात टाकलं. हाताला माक्याच्या तेलाचा वास येत होता. त्यानं साबणानं हात धुतले. त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली.

चूक झाली ती इथं, आणि ती त्याच्यासारख्याच माणसाकडून व्हायची. शेवाळ काढलं की मन हलकं होतं, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो बुधवारीही काढायला लागला. वजन वहीत उतरवून ठेवायचा. काढावं तितकं ते दुप्पट जोमानं यायचं. मे महिन्यात एकदा जेवताना अंगठ्याकडे नजर गेली, आणि पहिला फोन आपण कापला की तोही लॉकरमध्येच वाजला, हे त्याला नक्की आठवेना. लॉकरमध्येच असेल, म्हणाला मनाशी, आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्याची आई कौशल्याबाई लातूरकडची. सून गेल्यावर ती इथं राहायला आली, आणि रोज सुनेच्या फोटोला हार घालून पदर डोळ्यांना लावायची. आता ती टीव्हीसमोर बसून खदखदून हसायची. हार वाळून काळा पडला. बरंच झालं, ज्ञानेशला वाटलं, किती रडायचं माणसानं!

जूनमधल्या एका रविवारी ती फोटो हातात घेऊन आली.

"काय रं, हा फोटो कुणाचा हाय? आधी इथं राहत होते त्यांचा राहिलाय जणू."

"आई, काय बोलतेस?"

"मला काय म्हाईत बाबा. देऊन टाक ज्याचा त्याला." ती खुर्चीवर टेकली. "आणि ज्ञाना, तुझी आता चाळिशी आली. अजून एकदाबी बोहल्यावर चढला न्हाईस. बघू का एखादी पोरगी?"

ज्ञानेशनं फोटो घेतला. बाई हसरी होती. नाकात चमकी होती. आपली बायको ती, हे त्याला ठाऊक होतं. पाठ केलेल्या धड्यासारखं ठाऊक होतं. तिचा आवाज आठवायला गेला, तर काहीच हाती लागेना.

नाव आठवायला त्याला क्षणभर थांबावं लागलं.

तो तसाच कपाटापाशी गेला. दार उघडलं. बुधवारीच निम्मं काढलं होतं, तरी शेवाळ काचेला चारी बाजूंनी दाबून भरलं होतं.

त्यानं दोन्ही हात आत घातले.

आणि सगळं परत आलं. तिचा आवाज, तिचं शिंकणं, ओल्या केसांचा माक्याचा वास, कढीत कोकम जास्त झालं म्हणून झालेलं भांडण. निशिगंधा, निशिगंधा! हात कोपरापर्यंत बुडवून तो ढसाढसा रडला. मग पाठोपाठ अंगठाही आला. दारातला ऑडिटर, वाजणारा मोबाइल, आणि तो वैताग.

तेव्हा त्याला कळलं, इतके रविवार आणि बुधवार आपण ताटलीत काय मोजत होतो.

त्यानं सगळा गुंता बादलीत ओढून घेतला. आईनं काहीतरी विचारलं. तो लिफ्टमध्ये शिरला. काय करायचं ठरवलं नव्हतं. बादली छातीशी धरली होती, पाणी ठिबकत होतं, आणि अकरा मजले तो फोन वाजत होता.

खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी रंगराव झाडू मारत होते.

"साहेब, ओला का सुका?"

ज्ञानेश उभा राहिला. लिफ्टचं दार उघडंच होतं. वर जाऊन परत सोडता आलं असतं. ती राहिली असती. पण अंगठाही राहिला असता, रोज, जेवताना, मरेपर्यंत.

"साहेब?"

"ओला," तो म्हणाला आणि बादली उपडी केली.

जिना चढावासा वाटला, इतकं अंग हलकं झालं होतं. तिसऱ्या मजल्यावर मोबाइल वाजला.

"भाऊ, मोईज बोलतोय. जरा घरी येता का? चार दिवसांपूर्वी अम्मीनं टाकी साफ करायला शेवाळात हात घातला, तेव्हापासून सारखी रडतेय. कारण विचारलं तर फक्त तुमचं नाव घेते. तुम्हाला कधी बघितलंही नाही तिनं."

मोईज. हां, टाकीवाला. टाकी आपण हौसेनं का घेतली होती, हे काही त्याला आठवेना. पण माणूस भला होता, नाही कसं म्हणायचं? दुपारी तो कासारवाडीला गेला.

दार मोईजच्या अम्मीनं, नजमुन्निसांनीच उघडलं. साठीच्या, डोक्यावर ओढणी, डोळे सुजलेले. खिडकीत छोटी टाकी होती, तिच्यात मूठभर शेवाळ. त्यांनी ज्ञानेशकडे पाहिलं, आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या.

मोईज मागे थिजून उभा राहिला. त्याची आई जन्मात असं बोलली नव्हती.

"पयलो फोन तुमी कापलात, ता माका कळला होता," त्या स्फुंदत म्हणाल्या. "कामात असतलात, म्हटलां. माका राग येवक नाय हो. इतक्याच सांगूचा होता."

म्हाताऱ्या बाईचा जीव कशात तरी अडकलाय, हे ज्ञानेशला दिसत होतं. त्याला वाईट वाटलं. त्यानं खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

"काकू, रडू नका," तो अदबीनं म्हणाला. "कुठला फोन?"