कुणालाच न विचारणारा गुडघा

एवढा हुशार गुडघा, आणि एका सकाळी तो वाकायचंच विसरला. असं कसं झालं?

शर्वाणीचा उजवा गुडघा कृत्रिम होता. प्रत्येक पावलाआधी तो ‘किती वाकू?’ असं कंपनीच्या दूरच्या केंद्राला विचारायचा आणि आईच्या मोबाईलवर कळवायचा: शर्वाणी जिन्यात, शर्वाणी फाटकापाशी. कंपनीनं केंद्र बंद केलं आणि गुडघा काठीसारखा ताठ झाला. दवाखान्यातल्या यंत्रमानवानं गोड आवाजात सांगितलं, की हे मॉडेल आता जुनं झालंय. बाकांवर तसेच ताठ पाय घेऊन आणखी मुलं बसली होती.

एकटीनं शाळेत जायची परवानगी नुकती कुठे मिळाली होती. आता आई तिला पुन्हा कडेवर घेऊन जिना उतरू लागली. दहा वर्षांच्या मुलीला. पोरं हसायची.

यंत्रांचे आराखडे करणाऱ्या वैजूआत्यानं पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या काढल्या. तीन पट्ट्यांचा त्रिकोण जागचा हलेना. चौथी घातल्यावर चौकट डुलू लागली. मग आत्यानं एक पट्टी दाबून धरली आणि शर्वाणीला शेजारची ढकलायला सांगितलं. उरलेल्या दोन्ही आपोआप सरकल्या, दर वेळी त्याच वाटेनं. याला म्हणतात फोर-बार लिंकेज (चार दांड्या सांध्यांनी जोडून केलेली साखळी). दांड्यांची लांबी बदलली, की वाट बदलते. बसचा वायपर, शिलाई मशीनचं पायडल, सगळी हीच भावंडं.

आत्यानं तसाच गुडघा बनवला: वरची दांडी मांडीला, खालची नडगीला, मधे दोन. बिजागरी एकाच बिंदूभोवती फिरते. इथे तो बिंदू जागा बदलतो. सरळ उभं राहिलं, की अंगाचा भार त्या बिंदूच्या पुढून जातो, म्हणून पाय दुमडत नाही. वाकवला, की पाऊल जरा जास्त उचललं जातं, चवडा घासत नाही.

“म्हणजे हा ढ आहे?” शर्वाणीनं विचारलं.

“अगदी ढ. म्हणून तर कुणाला विचारत बसत नाही.”

“वैजूताई, मग हाच आधी का नाही बसवला?” आई म्हणाली.

“तुला कळवणारा हवा होता ना.”

शर्वाणीला आत्याचा राग आला, आणि आईचाही.

सोमवारी ती एकटी निघाली. गुडघा कटकट वाजत होता. दप्तरात पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या होत्या. शाळा सुटल्यावर दवाखान्यातल्या मुलांना दाखवायच्या होत्या.

वळणावर तिनं मागे पाहिलं. आई फाटकात उभी होती, हातात मोबाईल. तो काहीच सांगत नव्हता. आईनं तो खाली केला आणि मान उंचावून रस्त्याकडे बघत राहिली.