बाजाराच्या दिवशीचं जेवण

विसरवाडीच्या बाजारात सकाळपासून एकसष्ट जणांना देवीची लस टोचून झाली होती. एस्तेरच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि हातातला चहा तिनं नुकताच रस्त्यावर ओतून दिला होता.

चहा वाईट नव्हता. पण मोटार-थांब्याजवळच्या हॉटेलवाल्यानं जात पाहून तिला आत येऊ दिलं नव्हतं. बाहेर खांबाला खिळा होता, खिळ्याला टवका उडालेला कप. त्या कपात त्यानं वरून धार धरली आणि पिऊन झाल्यावर कप विसळून जागच्या जागी लावायला सांगितलं. एस्तेर नवापूरच्या मिशन दवाखान्यातली नर्स, मिरजेला तीन वर्षं शिकून आलेली, याकूब मास्तरांची थोरली मुलगी. तासाभरापूर्वी याच माणसाच्या दंडावर तिनं लस टोचली होती. तेव्हा त्याला तिचा हात चालला होता. तिला रडू आलं नाही, नुसता वैताग आला. या वैतागाला काही इलाज नव्हता, कारण पुढचे सहा महिने दर बाजाराच्या दिवशी तिला इथंच यायचं होतं.

औषधांची पेटी उचलून चालणारी दवाखान्यातली आया गंगीबाई म्हणाली, की समोर चिंचेखाली नवीन छप्पर उभं राहिलंय, तिथं सगळ्यांना आत बसवतात. जेवण कसं असतं ते मात्र तिनं सांगितलं नाही, आणि भुकेपायी एस्तेरनंही विचारलं नाही.

छपरात दोन बाकं होती. चुलीपुढं खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक उंच तरुण भाकरी थापत होता. तिला पाहताच तो उठला आणि खांद्यावरच्या पंच्यानं बाक पुसून म्हणाला, "आत या. इथं वाराही येतो."

एवढ्या दोन वाक्यांनी तिचा निम्मा राग उतरला. उरलेला निम्मा पहिल्या घासाबरोबर दुप्पट झाला. तुरीची डाळ इतकी खारट होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही तुम्ही चाखलीत?" तिनं विचारलं.

"नाही... हाताच्या सवयीनं करतो."

मग कळलं ते असं. त्याचं नाव पौलस. गाव नवापूरच्या पुढं, गुजरातच्या हद्दीवरच्या डोंगरात. लढाईत चार वर्षं तो लष्कराच्या भटारखान्यात होता आणि दोन महिन्यांपूर्वी, एकोणीसशे पंचेचाळीसच्या नाताळात, सुटून घरी आला होता. तिथं एका वेळी दोनशे माणसांची डाळ शिजायची. "हात अजून दोनशेचाच आहे," तो म्हणाला, "आणि बाकावर बसलेत तिघं."

त्यानं तिच्या ताटातली डाळ चाखली. तोंड जराही वाकडं केलं नाही. शांतपणे उठला आणि अख्खं पातेलं चिंचेमागं नेऊन ओतून आला. मग गरम भाकरी, कांदा आणि लाल मिरचीची चटणी तिच्यापुढं ठेवली. भाकरी मात्र अशी पातळ, टम्म फुगलेली, की एस्तेर आणखीच वैतागली. ज्या माणसाला अशी भाकरी जमते, त्याला डाळीत मीठ घालता येऊ नये?

पुढच्या बाजारी डाळीत मीठच नव्हतं. घाबरून घातलंच नाही, असं त्यानं कबूल केलं. त्याच्या पुढच्या बाजारी भात तळाला लागला. एकदा वांग्याच्या भाजीत खडा लागून तिची दाढ दुखावली, आणि रेशनची साखर मिळाली नाही म्हणून एकदा चहात इतका गूळ पडला की चमचा उभा राहील असं गंगीबाई म्हणाली. प्रत्येक वेळी एस्तेर त्याला स्पष्ट सांगायची. प्रत्येक वेळी तो परीक्षेला बसलेल्या मुलासारखा समोर उभा राहून ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "पण पुढच्या बाजारी याल ना?"

याचाच तिला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. कारण ती जायची. आदल्या संध्याकाळी इंजेक्शनच्या सुया उकळताना तिच्या मनात यायचं, उद्या काय बिघडलेलं असेल... आणि आपण हसतोय हे लक्षात आलं की ती स्वतःवरच चिडायची.

एकदा शहाणपणा करून तिनं घरून डबा नेला आणि त्याच्याच बाकावर बसून उघडला. पौलसचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं तो जवळ आला आणि एक घास चाखू का म्हणाला, शिकायला म्हणून. आईनं केलेली ती उडदाची डाळ त्यानं पहिल्यांदा शिकायला म्हणून चाखली, दुसऱ्यांदा खात्री करायला, आणि मग बोलता बोलता डबा रिकामा झाला. एस्तेर उपाशी राहिली. परतीच्या मोटारीत गंगीबाई विसरवाडीपासून नवापूरपर्यंत तोंडाला पदर लावून हसत होती.

सगळा बाजार एस्तेरला सिस्टर म्हणायचा. तो एकटा नर्सबाई म्हणायचा. फाल्गुनात एकदा तिनं त्याचं कारण विचारलं.

तो चुलीतली लाकडं उगाच पुढं-मागं करत राहिला. "सिस्टर म्हणजे बहीण," तो म्हणाला. "पलटणीत इंग्रजी थोडं कानावर पडलंय."

"मग?"

"मग... मला बहिणी दोन आहेत. तिसरी नको."

एस्तेरनं खाली मान घालून भात कालवला. तोही करपलेला होता, पण त्या दिवशी तिनं तो सगळा संपवला.

जेवण कसंही असो, छपरात बसणारी माणसं तिला आवडायची. डोंगरातून मोळी घेऊन आलेल्या बाया पदर सावरत पहिल्यांदाच बाकावर बसायच्या आणि बाक मोडेल की काय अशा बेतानं टेकायच्या. मंगळीबाई नावाची एक म्हातारी नुसता चहा घेऊन तासभर बसे, बसायला मिळतं म्हणून. पण मोळीवाल्यांच्या चहावर हॉटेल चालत नाही. सपाटीवरचे सुखवस्तू शेतकरी, गाडीवान, व्यापारी छपरात डोकावायचे, बाकावर कोण बसलंय ते पाहायचे आणि थांब्याजवळच्या हॉटेलात जायचे. चैत्रात मोहाच्या फुलांचा गोड वास बाजारभर सुटला तरी छपरात चूल एकच पेटत होती, दुसरी पौलसनं विझवून टाकली होती.

अशात एका बाजारी रनाळ्याकडचे नवलसिंग आले. तापीकाठी मोठी शेती, लाकूड वाहायला बारा बैलगाड्या, गळ्यात सोन्याचा गोफ. माणूस उर्मट नव्हता. आपल्या घरच्या रीतीचं सांगावं तसं त्यांनी बाकावरच्या मोळीवाल्यांकडं बोट दाखवून सरळ सांगितलं, "त्यास्ले बाहेर बसाड. मग मन्ह्या समद्या गाड्या आठेच थांबतीन."

पौलस भाकरी थापत राहिला. एस्तेर हात धूत होती, तिनं ते ऐकलं. तो नाही म्हणेल अशी तिची खात्री होती, म्हणून ती हात पुसून कामाला गेली.

पुढच्या बाजारी ती आली, तर छपराच्या बाहेरच्या खांबाला चार खिळे होते आणि खिळ्यांना चार कप. आत नवलसिंगांचे गाडीवान जेवत होते. मंगळीबाई बाहेर मातीत बसली होती, आधी कधी बाकावर बसलीच नव्हती अशी.

पौलसनं तिला पाहिलं आणि घाईघाईनं आतला बाक पुसला. दोन महिने चूल नीट चालवायची होती, तो हळू आवाजात म्हणाला. मग काढून टाकणार होतो. शिवाय नर्सबाईंना कुणी बाहेर बसवणार नाही, त्या आतच...

"मला वेगळं कशाला करता?" एस्तेर म्हणाली.

तिनं खिळ्यावरचा एक कप काढला, पदर खोचला आणि मंगळीबाईशेजारी मातीत बसून कप पुढं धरला. पौलसला ओतावा लागला. ओतताना त्यानं कपाकडं पाहिलंच नाही आणि चहा बशी नसलेल्या त्या कपावरून तिच्या बोटांवर सांडला. तिनं बोटं झटकली नाहीत. चहा प्यायली, कप विसळला, खिळ्याला लावला आणि लशीची पेटी उघडून कामाला लागली.

पुढच्या बाजारी तेच. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती डाळीला नावं ठेवीना, भाताला हसेना. गंमत म्हणजे या दिवसांत त्याचा स्वयंपाक सुधारला होता. गाडीवान बोटं चाटत होते, आणि हे बाहेरून ऐकू येत असल्यानं एस्तेरचा जीव आणखी जळत होता. घरी ती धाकट्या भावंडांवर विनाकारण ओरडायची. आईनं शेवटी विचारलंच, की विसरवाडीत कुणाचं काय बिघडलंय. एस्तेर म्हणाली, एका माणसाचं डोकं.

चौथ्या बाजारी ऊन असं होतं की मातीवर पाय ठरत नव्हता. एस्तेर नेहमीच्या जागी बसली. पौलस किटली घेऊन आला. तिचा कप भरला, मंगळीबाईचा भरला, मग खिळ्यावरचा तिसरा कप काढून स्वतःसाठी भरला आणि दोघींच्या समोर मातीत मांडी घालून बसला. आतून कुणी डाळ मागितली. तो उठला नाही. तिघांनी चहा संपवला. मातीचा चटका, चहाचा चटका.

मग तो उठला. चारही कप त्यानं गोळा केले, आत नेले आणि आतल्या कपांच्या घंगाळात बुडवले. सगळे एकाच डझनातले, पांढरे, निळ्या काठाचे. त्यानं हात घालून ते ढवळले. पाण्यातून वर आले तेव्हा कुठला आतला, कुठला बाहेरचा, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पक्कडीनं त्यानं चारही खिळे उपटले.

"आजपासून सगळे आत," तो गाडीवानांना म्हणाला. "ज्यांना चालत नसेल ते निम्मं जेवून उठले तरी माझी हरकत नाही."

सात जण उठले. दाराशी उभ्या नवलसिंगांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि तेही गेले. दोघं मात्र बसून राहिले. त्यातला वाहरू नावाचा वयस्क गाडीवान म्हणाला, की भाकरी गरम आहे तोवर आपण काही उठत नाही. मंगळीबाई त्याच्या शेजारी, बाकाच्या टोकाला, बेतानं टेकली.

एस्तेर शेवटी आत आली. पौलस तिच्यापुढं ताट ठेवून तिथंच उभा राहिला. तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"नुसतं ठीक?"

"मी गप्प होते तेवढे दिवस, मी काय म्हटलं असतं ते मनातल्या मनात किती वेळा ऐकलंत?"

"रोज," तो म्हणाला. "तुम्ही ओरडत होता तेच बरं होतं, नर्सबाई."

मोटार सुटायच्या वेळी तो पेटी घेऊन थांब्यापर्यंत आला. गाड्या आता येणार नाहीत, छप्पर टिकेल की नाही सांगता येत नाही, असं तो वाटेत सांगत होता. टिकलं नाही तर दुसरीकडं बांधीन, पण खिळे पुन्हा ठोकणार नाही. एस्तेर ऐकत होती. ती आणि गंगीबाई मोटारीत बसल्या. भिला ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. लढाई संपली तरी पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवलेली होती, आणि ती एकदा धडधडायला लागली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. नेमकं तेव्हाच पौलस खिडकीशी आला आणि तिच्या कानाशी ओरडला.

"नर्सबाई, मी... रविवारी तुमच्या वडिलांना भेटायला येऊ का? म्हणजे तुमची हरकत नसेल तर. तुम्ही हो म्हणालात तरच येईन."

एस्तेरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हो."

"काय?"

"हो म्हणाले."

"ऐकू येत नाही..." तो कानाला हात लावून मोटारीबरोबर दोन पावलं चालला. त्याचा चेहरा उतरू लागला होता. नाहीच म्हणाल्या बहुतेक, असं त्यावर स्पष्ट दिसत होतं.

एस्तेरनं कपाळाला हात लावला. मग पुढं वाकून तिनं भिलाला इंजिन बंद करायला सांगितलं.

"बाई, बंद करी ते परत चालू व्हवाले अर्धा तास लागी," भिला काकुळतीनं म्हणाला. बाकीचे उतारू कुरकुरले.

"लागू दे."

भिलानं कळ दाबली. धडधड थांबली. बाजार इतका गप्प झाला की कोंबडीवाल्याच्या टोपलीतली पिल्लंही ऐकू येऊ लागली. त्या शांततेत, खिडकीतून अर्धी बाहेर वाकून, एस्तेर आपल्या सगळ्या वैतागाच्या आवाजात म्हणाली, "हो! हो म्हणतेय मी. आणखी किती वेळा सांगू?"

अख्ख्या विसरवाडीनं ते ऐकलं. पौलसनंही.