ब्राकेनवेल्डच्या शेडचा नकाशा

शेडमागच्या खोलीतलं पोलादी कपाट सताड उघडं होतं. आत दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा नव्हता.

कीर्तन संपून पाच मिनिटंही झाली नव्हती. ब्राकेनवेल्ड नावाच्या डच गावातल्या या रेल्वे-शेडमध्ये एके काळी इंजिनं दुरुस्त व्हायची. गिरण्या बंद पडल्या, गाड्या आटल्या, आणि आता नगरपालिका शेड पाडायला निघाली होती. उद्या सकाळी दहाला सुनावणी. लोखंडी छप्पर मूळचंच आहे, याचा एकमेव पुरावा म्हणजे तो नकाशा.

"गेली शेड!" विश्वास ओरडला. सहा वर्षं हा वास्तुविशारद त्या छपरासाठी भांडत होता. "मृदुलाताई, मध्यंतराचा हार न्यायला मी इथे आलो, तेव्हा नकाशा होता हो."

मृदुला आठवडाभर झुइडासच्या ऑफिसात संगणकाचा कोड लिहायची आणि रविवारी कीर्तन करायची. हार अजून तिच्या गळ्यात होता.

"म्हणजे चोरी उत्तररंगात झाली."

कपाटाच्या दारावर बोटांचा काळा ठसा होता. विश्वासने राखणदार हेन्ककडे बोट दाखवलं. "त्याचे हात बघा! पोलिसांना बोलवा."

हेन्कचे हात काळेच होते. त्याला मराठी कळत नव्हतं, पण बोट कळलं. तो लालबुंद झाला.

मृदुला वाकली, ठशाचा वास घेतला आणि मागे वळली.

"कीर्ती, मला हार घातल्यावर तू सगळ्यांना बुक्का लावलास. मग कुठे होतीस?"

"तुमच्या मागेच, झांज घेऊन. आरतीपर्यंत हलले नाही."

"कोणाकोणाला लावलास?"

"ताई, चाळीस कपाळं! चेहरे कोण बघतं?"

तेवढ्यात चहाचं बघणारा सुबोध दुधाचे खोके घेऊन आला. "काय झालं?"

"तू कुठे होतास?"

"पूर्वरंगातच निघालो. चहाला दूध नको?" त्याचं कपाळ कोरं होतं. नकाशाचं कळल्यावर तो हसला. "तुझा नकाशा, विश्वास, तुझं पुस्तक, तुझं बक्षीस. माझं काय जाणार त्यात?"

"दूध ठेव. हात दे," मृदुला म्हणाली. तिने त्याची बोटं नाकाशी नेली.

सुबोधचं हसू मावळलं.

"हेन्कच्या हाताला ग्रीसचा वास येतो," ती म्हणाली. "ठशाला येतो बुक्क्याचा. बुक्का फक्त मध्यंतराला लागतो. तू आधीच गेला असतास, तर तुझ्या बोटांना तो लागला कुठून? कीर्ती माझ्या मागे होती. बाकी सगळ्यांची कपाळं जशीच्या तशी आहेत. पुसलंस फक्त तू. बाहेर रस्त्यावर कोणी विचारू नये, म्हणून आपण सगळेच पुसतो, तसं सवयीने. आणि त्याच बोटांनी कपाट उघडलंस."

सुबोधने हात सोडवून घेतला.

"हो, मीच," सुबोध म्हणाला. "हिवाळाभर शिडीवर चढून हे छप्पर पेलणारी एकेक लोखंडी कैची मी मोजली. छपरावरचं पुस्तक आलं ह्याच्या नावाने. माझ्या नावावर काहीच काम दिसेना, म्हणून नोकरीचा करार गेला आणि मागोमाग इथे राहायचं परमिट. इथे परत येईपर्यंत दोन वर्षं मी सांगलीत बसून ह्याचे सत्काराचे फोटो बघत होतो."

"मी पोलिसांना बोलावते," मृदुला म्हणाली. "तुझं दुःख खरं आहे, पण चोरी ती चोरीच."

"बोलवा ना. ते नकाशा पुरावा म्हणून सील करतील. उद्या दहाला हा रिकाम्या हाताने उभा राहील, आणि शेड पडेल."

विश्वास पुढे झाला. "काय हवंय तुला?"

"मोजमाप कोणाचं, ते सांग. मला नको. त्यांना."

दाराबाहेर चाळीस माणसं प्रसादाच्या वाट्या घेऊन थांबली होती. विश्वासने मृदुलाकडे पाहिलं. तिने हाताने त्याला दार दाखवलं.

तो बाहेर जाऊन सतरंजीवर उभा राहिला.

"छपराचं मोजमाप... सुबोधने केलं. मी पुस्तकातून त्याचं नाव वगळलं."

"मोठ्याने," सुबोध मागून म्हणाला. "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही."