दोराच्या त्या टोकाला

माझी लेक लोकांना पाण्याखाली नेते. तोच तिचा धंदा. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायांत बदकासारखे पंजे. सुरुवातीला मी म्हणायची, "अगं, जमिनीवर जागा कमी पडली का तुला?" ती म्हणायची, "आई, खाली फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. एकदा ऐकलास ना, मग वरचं सगळं कलकल वाटेल."

मला अक्षर येत नाही, पण माणूस वाचता येतो. टाकी चढवण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, खाली कशाला जाता म्हणून. एक डॉक्टर म्हणाला, "आजी, तिथे मला कुणी फोन करू शकत नाही." एक बेकरीवाला होता, दाराला घासून आत येणारा. तो म्हणाला, "जिन्यावर मी पोतं असतो, पाण्यात पीस होतो." एका बाईला पाण्याची इतकी भीती की बादलीतही वाकून बघायची नाही. तीच सगळ्यांत खोल गेली. भीती घेऊन उतरणाऱ्यांचं मला फार कौतुक.

आणि एक होत्या मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

मोठ्या तलावाच्या पोटात त्यांचं गाव होतं. धरण झालं तेव्हा बुडालं, त्याला चाळीस वर्षं झालेली. तीन महिने त्या उथळ पाण्यात शिकल्या. पोरंसोरं दमायची, या नाही. त्या वर्षी पाणी खाली गेलं आणि लेक म्हणाली, "चला बाई, नेते तुम्हाला."

दुपारची वेळ, पण धुकं असं की काठावरून पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. शेवाळाचा, कुजक्या लाकडाचा वास. पाणी गढूळ असलं की लेक कमरेला दोर बांधून उतरते, आणि त्याचं वरचं टोक माझ्या हातात. दोराची भाषा मला पाठ आहे. मी एक हिसका दिला की 'बरं आहे ना?' खालून एक आला की 'बरं आहे.' खालून दोन आले की 'आणखी दोर सोड.' आणि दोर कमरेचा सोडायचा नाही, हा लेकीनेच घातलेला नियम.

दोघी हातात हात घालून उतरल्या. हवा पाऊण तासाची. मी दगडावर बसले. मला शंभरापर्यंत मोजता येतं, म्हणून शंभर झाले की एक हिसका. उत्तर येत होतं. लेकीचा हिसका मी ओळखते, तिच्या बोलण्यासारखाच फटकळ.

मग दोन आले. मी दोर सोडला. पुन्हा दोन. सोडत सोडत दोर संपला, माझ्या मुठीत वीतभर उरला. मी विचारलं, बरं आहे ना?

काही नाही.

पुन्हा विचारलं. पलीकडच्या काठावर नाववाला होता, त्याला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात उत्तर आलं. एक. मऊसा. वाटलं, दमली असेल. हाक गिळली.

शंभर मोजले, विचारलं. एक. पुन्हा शंभर. एक. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मी साठावर होते... आणि उत्तर आधीच आलं.

"आई."

मागून हाक आली. वळून बघते तर लेक. चिखलाने माखलेली, ओठ निळे, मास्तरीणबाई तिच्या खांद्यावर टेकलेल्या. दोघी काठाकाठाने चालत आलेल्या.

लेक माझ्या हाताकडे बघत होती. "आई... दोर कुणाचा धरलायस?"

मग कळलं ते असं. घराच्या दाराशी पोचल्या आणि बाईंनी तिचा हात सोडला, सरळ आत शिरल्या. दोर तर संपलेला. लेकीने नियम मोडला, दोर कमरेचा सोडून दाराच्या कडीला गाठ मारली आणि बाईंच्या मागे आत शिरली. आत गाळ उठला, डोळ्यांपुढे मिट्ट काळोख. दार सापडेना, दोर सापडेना, हवा संपत आलेली.

"मी घाबरले, आई," लेक म्हणाली. "इतकी वर्षं शिकवते, पण हात-पाय मारायला लागले. यांनी माझं मनगट धरलं आणि भिंत चाचपत नेलं. चुलीपासून चार पावलं, मग उजवीकडे, परसदार, तिथून वर. चाळीस वर्षांनी, काळोखात."

"घर डोळ्यांना कुठे पाठ असतं?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "हातांना असतं."

अशा बाईच्या पाया पडावं असं वाटलं मला. माझी लेक तिने परत आणली होती. पण हात जोडता येईनात, दोर होता ना हातात. मी हळूच सांगितलं, "मघापासून खालून उत्तर येतंय... बरं आहे म्हणून."

बाईंचे दात थंडीने वाजत होते, ते थांबले.

"त्या घरातून सगळे निघाले होते," त्या म्हणाल्या. "शेवटची मीच होते."

तेवढ्यात दोर ओढला गेला. तिघींनी बघितलं. एकदाच, मऊ. मी काही विचारलं नव्हतं. या वेळी विचारणं तिकडून होतं.

लेक सुरी काढायला लागली. मी तिला थांबवलं आणि एक हिसका दिला. बरं आहे. कुणी खुशाली विचारली आणि आपण गप्प बसलो, असं माझ्याच्याने होत नाही. आणि खरं सांगायचं तर, उत्तर दिलं नाही तर काय होईल, ते मला बघायचं नव्हतं.

दोर सैल पडला. आम्ही तो ओढून घेतला. सगळा चिंब, गाळाने बरबटलेला. लेकीची गाठ सुटलेली. पण खालच्या टोकाचा वीतभर भाग कोरडा होता. बाईंनी तो गालाला लावला. मग माझ्या हातात दिला. ऊब होती त्याला, कुणीतरी बराच वेळ मुठीत धरल्यासारखी.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर कुणी त्या पाण्याकडे फिरकलं नसेल. पुढच्याच आठवड्यात मास्तरीणबाई टाकी चढवून उभ्या. म्हणाल्या, "माजघर बघायचं राहिलंय." लेकीने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नवा दोर कमरेला बांधला, दुप्पट लांबीचा. मी अडवलं नाही. ज्यांना खालून बोलावणं असतं त्यांना काठावरून अडवता येत नाही, आणि अशा माणसांमागे जाणारी लेक माझी आहे, याचा मला अभिमानच आहे.

दोघी आजही जातात. मी दगडावर बसते, शंभर मोजते, एक हिसका देते. उत्तर येतं. पण हल्ली ते दरवेळी मऊच येतं. लेक म्हणते, वय झालं आई, हात हलका झाला माझा. असेल. तिचं डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत मी काही बोलत नाही.