शेपटाखालचे ठोके

पद्माकरकाका जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं काम वैभवीच्या टेबलावर आलं होतं. दोन हजार सहाचा नोव्हेंबर, लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधली एक छोटी कंपनी, दुपारचे दोन. कामाबरोबर सतीशने एक कागदही पुढे केला. सतीश तिचा मॅनेजर, तिच्यासारखाच मूळचा पुण्याचा.

"सही कर. शील्डेड रूमची आतली कडी त्या दिवशी नीट होती, एवढंच लिहिलंय."

"नीट होती? आतून अडकते म्हणून काकांनी तीनदा लिहून दिलं होतं! आणि ते आत मेलेले सापडले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही नवी बसवलीत."

"अगं, हार्ट अटॅक होता. एका क्षणात गेले. सुनीतीकाकूंनाही तेच सांगितलंय. उगाच खपली कशाला काढायची?"

बघा, काय निर्लज्जपणा! माणूस जिवानिशी गेला, आणि वर त्याच्या बायकोला गोड बोलून गप्प करायचं. काकू तिकडे पिनरला घरी येईल त्याला एकच विचारत होत्या, "हाक मारायला तरी वेळ मिळाला का हो त्यांना?" वैभवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही न करताच कागद घेऊन ती आत गेली.

शील्डेड रूम म्हणजे तांब्याच्या पत्र्याने मढवलेली खोली. खिडकी नाही, मोबाईलला सिग्नल नाही, आतला आवाज बाहेर जात नाही. सोल्डरच्या धुराचा आणि काकांच्या बामाचा वास अजून तिथेच होता.

काम रडारच्या डिटेक्टर अँप्लिफायरचं. जोराचा पल्स आला की तो क्षणभर आंधळा होतो. त्याला लवकर सावरायला एक छोटं सर्किट असतं, त्यातला ट्रिमर, म्हणजे एक बारीक स्क्रू, केसभर फिरवून जुळवायचा. जुळला नाही तर स्क्रीनवर मोठ्या पल्समागे लांब शेपूट राहतं, आणि मागून येणारं बारीकसारीक काही असेल ते त्याखाली झाकलं जातं.

वैभवीने ट्रिमर फिरवला. शेपूट आखडत गेलं... आणि त्याखाली काहीतरी उसळलं.

थांबलं. पुन्हा उसळलं.

अँप्लिफायरच्या डब्यावर टिचकी मारली की रेघ अशी हलते, हे तिला माहीत होतं. पण डब्याला कुणीच हात लावला नव्हता. तिने पल्स पाठवणारा जनरेटर बंद केला. मोठा पल्स गेला. उसळ्या राहिल्या. तीन ठोके, मग शांत. तीन ठोके... जसं कुणी दार ठोकतंय.

तिची नजर हलेना. ठोके विरळ होत गेले. दोन. मग एकच... मग रेघ सपाट. तिने घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती.

एका क्षणात गेले म्हणे! भीती राहिली बाजूला, तिला संतापाने रडू फुटलं. ती तडक बाहेर आली आणि सतीशसमोर उभी राहिली.

"चला आत. स्क्रीनवर ठोके उमटत होते. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"शेजारी कुठली तरी मोटर चालू असेल," तो पुटपुटला, पण उठला.

तो आत शिरला. ती उंबऱ्याशी पोचायच्या आधीच दार धाडकन बंद झालं. तिने लगेच हँडल ओढलं. दोन सेकंद, फार तर तीन.

सतीश जमिनीवर बसला होता. शर्ट घामाने चिंब, बोटांची सालटी निघालेली.

"कुठे होतीस?" त्याचा आवाज पार बसला होता. "चाळीस मिनिटं ठोकतोय... ओरडतोय... कुणी येईना गं..."

"मी लगेच उघडलं, सतीश."

मग त्याने तिच्या हातातला कागद घेतला, छापलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, कडी आतून अडकत होती, आम्हाला माहीत होतं. सही केली. कागदावर रक्ताचा डाग पडला.

"काकूंना हे तुम्ही स्वतः सांगायचं. तोंडावर."

त्याने मान डोलावली. उठायला मात्र तो तयार होईना.

"वैभवी... मी दमून थांबलो ना... हात खाली सोडले..."

"मग?"

"तरी ठोकणं चालूच होतं. माझ्या शेजारून."