ब्रॅमली नेमकी कोणत्या सालची?

"तुम्ही खोटं बोललात! बॉनेट उघडलं नाहीत, खाली वाकला नाहीत, आणि भोंग्यावरून सगळ्या मैदानाला सांगितलंत, की नॅनची गाडी बनावट आहे!"

बारा वर्षांची हेटी दोरी धरून ओरडत होती. समोर जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचे मुख्य परीक्षक उभे होते. कोटावर बिल्ला, हातात चहाचा कप. त्यांनी आधी बिस्किट बुडवून खाल्लं, मग तोंड उघडलं.

"मुली, नंबरप्लेटचं शेवटचं अक्षर कोणतं? सी. सी म्हणजे पासष्ट साल. पासष्टच्या ब्रॅमली गाडीला मागे गोल दिवे आणि दाराला दाबायचं बटण. हिला लांबट दिवे आणि ओढायची कडी! हे चौसष्टचं अंग झालं. म्हणजे दोन गाड्या मोडून एक जुळवलीय. बक्षिसांच्या आधी ही इथून हलली पाहिजे."

मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. अक्षर वाचलं, की गाडी बघायची गरजच उरत नाही!

हेटीची आजी, म्हणजे नॅन, हिरव्या ब्रॅमलीचं कापडी छत ओढत होती.

"तुमचा आजोबा अल्फ हे ऐकायला नाही, तेच बरं," ती म्हणाली. "साठ वर्षं जपली त्यानं. घरी चला रे पोरांनो. मी ही पुन्हा बाहेर काढायची नाही."

"नॅन, थोडं थांब! अजून चहासुद्धा घेतला नाहीस तू!"

हेटी धाकट्या भावाला, विल्फला, ओढतच चहाच्या तंबूमागे घेऊन गेली. शेजारचा जसबीर तिथे अंड्याचं सँडविच खात होता.

"हेटी," विल्फ हळूच म्हणाला, "आजोबांनाच कुणी फसवलं असेल तर?"

"थोबाड फोडीन!"

"फोड नंतर," जसबीर म्हणाला. "शंका बरोबर आहे त्याची. आरडून काय होणार? गाडीलाच विचारू. ईस्टरच्या सुट्टीत आपण भंगारातला स्पीडोमीटर उघडला होता, आठवतं? पाठीवर महिना आणि साल ठोकलेलं होतं!"

"चाकांवरही असतं! पण दोरीच्या आत पाऊल टाकलं, तर तो बिल्लेवाला बोंब मारेल."

"त्याला मी बोलण्यात गुंतवतो," जसबीर बोटं चाटत म्हणाला. "त्याला स्वतःचाच आवाज फार आवडतो!"

विल्फ सापासारखा दोरीखालून सरकला. पाय बाहेर, डोकं डॅशबोर्डखाली! हेटी समोर स्कर्ट पसरून उभी राहिली.

"दिसलं? लवकर सांग ना!"

"नाकात कोळी गेला! थांब... सात, चौसष्ट!"

"चाकं बघ!"

"सहा, चौसष्ट. हेही तेच. चारी तेच! डायनॅमोवर सात, चौसष्ट!"

हेटीचं डोकं भराभर चालू लागलं. दोन गाड्यांचं जोडकाम असतं, तर एक भाग एका सालचा, दुसरा भलत्याच सालचा निघाला असता. इथे तर सगळे भाग एकाच उन्हाळ्यातले! मग प्लेट पासष्टची कशी?

ती धावत नॅनकडे गेली. "नॅन, आजोबांनी गाडी घेतली कधी?"

"जानेवारीत! बर्फ पडत होतं, आणि आम्ही उघड्या गाडीत. माझे कान गळून पडायचे बाकी होते."

"आणि ती नवीकोरी होती?"

"नवीच गं. ऑगस्टपासून दुकानाच्या काचेत उभी होती. हा रोज बसमधून उतरून काचेला नाक लावायचा. मी म्हटलं, घेऊन टाक ना बाबा! तर म्हणे, थांब, जानेवारीत प्लेटवर नवं अक्षर मिळेल. समोरच्या घरवाल्यांना दिसायला नको का, आपली गाडी या वर्षीची आहे ते? एका अक्षरासाठी!"

"हे तू परीक्षकांना का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी मला?"

हेटीनं पळत जाऊन जसबीरच्या कानात सगळं सांगितलं, आणि परीक्षकांचा माईक चालूच असल्यानं भोंग्यावरून त्याचा आवाज आला. "सर, एक शंका. ब्रॅमलीचं नवं मॉडेल जानेवारीत निघायचं ना?"

"छे!" परीक्षक खूश होऊन हसले. "कारखाना उन्हाळ्यात पंधरा दिवस बंद असायचा. कामगार समुद्रावर, आणि आत नवी जुळवाजुळव! सुट्टी संपली, की ऑगस्टात पुढच्या सालचं मॉडेल सुरू."

"मग चौसष्टच्या जुलैत बनलेली गाडी?"

"चौसष्टचंच मॉडेल. लांबट दिवे, ओढायची कडी. शेंबडं पोरही सांगेल!"

"आणि ती दुकानात पडून राहिली आणि जानेवारीत विकली गेली, तर प्लेटवर अक्षर कोणतं?"

"अर्थातच सी..."

त्यांनी कप खाली ठेवला. मग कुणीतरी खो खो हसलं, आणि हसू सगळ्या तंबूंमधून पसरत गेलं.

"या आता!" हेटी ओरडली. "वाकून बघा! विल्फ, टॉर्च दे सरांना."

परीक्षक गुडघ्यांवर बसले. चाकं बघितली, डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या टकलावर कोळ्याची जाळी होती.

"चौसष्टची," ते पुटपुटले. "आहे तशी, कारखान्यातून आलेली. माफ करा, बाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेळाव्याच्या अध्यक्षबाईंनी तिघांचे हात हातात घेतले. "शाबास! आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही ते तुम्ही शोधलंत!" नॅननं छत पुन्हा मागे दुमडलं आणि विल्फचं धुळीनं काळं झालेलं नाक तसंच कुरवाळलं.

"हुशार पोरं!" परीक्षक कोट झटकत म्हणाले. "चला, मिटलं सगळं."

"मिटलं नाही, सर," हेटी म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात सी अक्षराच्या दोन ब्रॅमली तुम्ही इथून हाकलल्यात. त्यांनाही लांबट दिवे होते, मी बघितलंय. ती माणसं या वर्षी आलीच नाहीत. त्यांच्या दारात जाऊन चूक कोण कबूल करणार? बोला ना, सर!"