सात नंबरच्या दालनातले तिघे

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर धान्याच्या कोठारातली हवा महिन्यातून एकदा काढून घेत. बुरशी मारायचा तो सगळ्यांत सोपा उपाय होता. दोन तास निर्वात ठेवलं की काम व्हायचं. सात तारखेला सकाळी दहा वाजता कोठाराच्या सात नंबरच्या दालनातली हवा अशीच काढली गेली, तेव्हा आत तीन माणसं होती. हरजित नावाचा जोडारी, म्हणजे फिटर, आणि त्याचे दोन सोबती. त्यांच्या खोल्यांना गळती लागली होती, म्हणून चार दिवसांसाठी त्यांची सोय कोठारात केली होती.

ती सोय केतकी गव्हाणेनेच केली होती. ती तळाची दालन-नियंत्रक. अंथरुणं तिने स्वतः उचलून नेली होती, आणि हरजितने तिला पोत्यावर बसवून चहा पाजला होता.

हवा काढण्याआधी मुख्य कक्षातून विचारणा झाली होती : सात नंबरची स्थिती काय? केतकीने इंग्रजीत उत्तर दिलं होतं, "थ्री आर लिव्हिंग इन सेव्हन." तिघे सातमध्ये राहताहेत.

नोंदीत मात्र वाक्य निघालं, "थ्री आर लीव्हिंग सेव्हन." तिघे सातमधून बाहेर पडताहेत. मुख्य कक्षाने दहा मिनिटं वाट पाहिली आणि झडप उघडली.

चौकशीसाठी पृथ्वीवरून डॉ. मालिनी तांबट आल्या. साठीच्या, बुटक्या, हळू बोलणाऱ्या. तळावर जवळजवळ सगळे गळ्यात घालत ती, इंग्रजी बोलणं सुधारून देणारी वाणीशोधक पट्टी त्यांनीच बनवली होती. त्या केतकीच्या खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. दोघींच्याही गळ्यात पट्टी होती, पण ती फक्त इंग्रजीच हाताळायची. मराठी बोलताना ती गप्प असे.

"मी 'राहताहेत' असंच म्हणाले होते, बाई," केतकी म्हणाली. "मी खोटं का सांगेन? मला ठाऊक होतं ना ते आत आहेत."

"मला पटतं ते. पट्टी काय करते, तुला माहीत आहे?"

"बोललेलं शुद्ध करते."

"कंठातली कंपनं टिपते. तुझा मूळ आवाज उलट लहरींनी दाबून टाकते आणि तुझ्याच आवाजात नीट इंग्रजी बाहेर सोडते. तुला मात्र हाडांतून तुझाच आवाज ऐकू येत राहतो. त्यामुळे समोरच्याने काय ऐकलं, ते तुला कधीच कळत नाही."

"आणि मूळ आवाजाची नोंद?"

"ठेवत नाही. खाजगीपणाचा नियम आहे. आता पुढचं ऐक. शिकणारी माणसं कुठल्या शब्दांत गोंधळतात, याचे लाखो नमुने आम्ही पट्टीला दिले. लिव्ह आणि लीव्ह. शिप आणि शीप. फुल आणि फूल. आवाज संदिग्ध वाटला की ती संदर्भ बघते. कोठारात माणसं राहत नाहीत, कोठारातून ती बाहेर पडतात. मग मधला 'इन' तिला व्याकरणाची चूक वाटला आणि तिने तो गाळला."

"पण माझा आवाज संदिग्ध नव्हता. चाळीसगावच्या वर्गात ह्याच जोड्या आमच्याकडून घोकून घेतल्या होत्या. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते."

"तेच म्हणते मी. तू स्पष्ट बोललीस, आणि स्पष्ट आवाज डावलून पट्टीने अंदाजाला झुकतं माप दिलं. ही माझी चूक आहे, तुझी नाही. उद्या चौकशी समितीसमोर तुझी पट्टी काढायची. तू तेच वाक्य म्हण. त्यांना फरक ऐकू आला की प्रश्न मिटला."

तोवर केतकी रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

समितीच्या अध्यक्ष मिसेस हॅलॉरन यांची मातृभाषा इंग्रजीच. तळावरच्या दोनशे बारा माणसांपैकी पट्टी न वापरणारी पाचच होती, त्यांपैकी त्या एक. तांबटांचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि परवानगी दिली.

केतकीने पट्टी काढली. नऊ वर्षांत तिचा गळा पहिल्यांदाच चारचौघांत उघडा होता. ती खणखणीत म्हणाली, "थ्री आर लिव्हिंग इन सेव्हन."

हॅलॉरनबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "पुन्हा म्हणाल?"

तिने पुन्हा म्हटलं.

"मला 'लीव्हिंग' ऐकू येतंय," हॅलॉरनबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "बाहेर पडताहेत. दोन्ही वेळा. आता नुसते दोन शब्द म्हणा. आधी राहणे, मग सोडणे."

केतकीने दोन्ही म्हटले. पहिला आखूड, दुसरा लांब. तिला तरी तसेच ऐकू आले. समितीतल्या दुसऱ्या गृहस्थांनी मान खाली घातली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की गेल्या नऊ वर्षांत तिला कोणी "काय म्हणालात?" असं विचारलेलं नाही. पूर्वी, नवीन असताना, ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडायची, ती ओशाळायची आणि तोच शब्द नीट करून म्हणायची. पट्टी आल्यापासून ती आठी कधी पडलीच नव्हती. जीभ आपल्या सवयीच्या जागी केव्हा परतली, हे तिला सांगायला कोणी उरलं नव्हतं. त्या सकाळी आपण नेमकं काय म्हणालो, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

"एक मिनिट," तांबट उठून म्हणाल्या. "मुलगी घाबरली आहे, एवढंच. तिचे दोन्ही उच्चार एकमेकांपासून वेगळेच आहेत, मला फरक स्वच्छ कळतोय. हे शब्द मी तीस वर्षं तपासतेय. मी म्हणून दाखवते, म्हणजे कुठे लक्ष द्यायचं ते तुम्हाला कळेल."

त्यांनी गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. पहिला शब्द म्हटला. क्षणभर थांबून दुसरा म्हटला. केतकीला दोन्ही अगदी वेगळे ऐकू आले.

हॅलॉरनबाई पेन हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"हा एक झाला, डॉक्टर," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "तो तुम्ही दोनदा म्हणालात. आता दुसरा म्हणा."